श शेवगावचा

यशोधरा साळवेने त्या मुलाला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो नगरच्या तारकपूर स्टँडवर एका एसटीच्या दारात असा उभा होता, जशी काही ती गाडी त्याच्या आजोबांनीच विकत घेऊन ठेवली होती. एक पाय पायरीवर, एक फलाटावर, खांद्याला निळी सॅक, आणि भुरभुर पावसात भिजलेले केस कपाळाला चिकटलेले.

यशोधराला एक खोड होती. वडील पतसंस्थेत, त्यामुळे भिंगारच्या त्यांच्या घरात जेवतानासुद्धा जमा आणि नावे हेच शब्द कानावर पडायचे. माणूस दिसला, की ती मनातल्या मनात त्याचं खातं उघडायची. याचंही उघडलं. जमा: हसू, धुतलेले बूट. नावे: फाजील आत्मविश्वास.

पण आज तिला फाजील आत्मविश्वासवालाच हवा होता.

कारण गाडीच्या कपाळावरची पाटी तिला दिसत होती, वाचता येत नव्हती. निदान अशा गर्दीत, घाईत, मागून धक्के बसत असताना तरी नाहीच. अक्षरं एकमेकांच्या जागा बळकावायची; एखादा काना शेजारच्या अक्षराकडे मुक्कामाला जायचा. लहानपणापासून हे असंच. ‘आळशी’पासून ‘मठ्ठ’पर्यंत सगळे शिक्के मारून झाल्यावर नववीत एका बाईंनी त्याला खरं नाव दिलं: डिस्लेक्सिया. मग बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळाला, लेखनिक मिळाला, आणि दहावी-बारावी दोन्ही चांगल्या पार पडल्या. पाट्या वाचायला मात्र बोर्ड लेखनिक देत नाही. तिथे यशोधराची स्वतःची पद्धत होती. पहिलं अक्षर बघायचं, बाकीचं ताडायचं.

पहिलं अक्षर श. म्हणजे शिर्डी.

आणि आज शिर्डी चुकवून चालणार नव्हतं. बारावीनंतर काय, याचं उत्तर घरात तयारच होतं: बी.ए., इतिहास, थोरल्या संस्कृतीताईसारखं. कॉलेजातल्या समुपदेशक बाईंनी मात्र तिला बसवून वेगवेगळ्या वाटा सांगितल्या. आयटीआय आहे, मुक्त विद्यापीठ आहे, बेकरीचा कोर्स आहे. लेखनिक घेऊन बी.ए.सुद्धा होतं, कुणाला तेच आवडतं. आणि शिर्डीत ‘अंगण’ नावाचं एक केंद्र आहे... शिकायची तऱ्हा वेगळी असलेल्या मुलामुलींना हॉटेलचं काम शिकवणारं. हे शेवटचं ऐकलं आणि यशोधरा ताठ बसली. घरात लग्न निघालं की पाहुणे कुणी कुठल्या खोलीत झोपायचे, कुणाला जाड उशी, कोण कुणाशेजारी अजिबात नको, हे सगळे तिलाच तर विचारायचे!

पप्पांनी ऐकून घेतलं आणि अट घातली. “एकटी जा. निवड होऊन ये. मग मी बी.ए.चं नाव काढणार नाही. पण मध्येच ‘पप्पा, न्यायला या’ असा फोन आला, तर सोमवारी कॉलेजात नाव घालायचं.”

म्हणून तिने दारातल्या त्या मुलाला विचारलं, “शिर्डीच ना ही?”

मुलगा तिच्याकडे बघत राहिला. पाटीकडे नाही... तिच्याकडे.

“व्हय, व्हय. शिर्डीच. फलाट सहा. चौकशीवर इचारूनच आलोय मी.”

फलाटाच्या खांबावर ९ होता. आकडे यशोधराला कधी दगा देत नसत. तो नऊ तिने नीट पाहिला. पण इतक्या खात्रीने बोलणाऱ्या माणसापुढे आपलं काय चालवायचं? गाडी हलवली असेल, असं म्हणून ती चढली. तोही मागोमाग चढला, आणि रिकाम्या जागा बऱ्याच असूनही नेमका तिच्या पलीकडच्या खिडकीशी बसला.

गाडी शहराबाहेर पडली तशा कंडक्टर चांगुणाबाई मशीन टिकटिकवत आल्या.

“दोन शिर्डी,” मुलगा ऐटीत म्हणाला.

“माझं मी काढीन,” यशोधरा म्हणाली.

चांगुणाबाईंचं बोट हवेतच थांबलं. त्यांनी आधी त्याला न्याहाळलं, मग तिला, मग दोघांना मिळून. “शिर्डी? आरं लेकरांनो, ही शेवगाव गाडी हाय! पळून चाललाय व्हय रं?”

“न्हाई वो मावशी! आमची वळखबी न्हाई!”

“मंग वळख करून घ्या आन् पळा. पन पळून जायचं तर मानसानं निदान पाटी तरी वाचून जावं!”

अख्खी गाडी हसली. यशोधराचे कान तापले. श शेवगावचा निघाला होता! आणि तिला नवल याचं वाटलं, की त्या मुलाचाही चेहरा पार उतरला. एवढ्याशा चेष्टेने इतका?

चांगुणाबाईंनी दोघांना पांढरीपुलाला उतरवलं. “हितनं घोडेगाव, सोनई, राहुरी करत जावा. लांब पडंल, पन पोचाल,” असं सांगून त्यांनी दोरी ओढली, आणि शेवगाव गाडी त्यांच्या अंगावर चिखल उडवून निघून गेली.

नेमका तेव्हाच पप्पांचा फोन.

“कुठवर आलीस?”

राहुरी म्हणावं? एक शब्द, आणि सगळं झाकलं जाईल. मुलगा हळूच दोन पावलं लांब सरकला, पाठ करून उभा राहिला. या सभ्यपणाची तिने तिथल्या तिथे नोंद केली. जमा.

“पांढरीपुलाला,” ती म्हणाली.

पांढरीपूल शिर्डीच्या वाटेवर नाही, हे पतसंस्थेच्या माणसाला सांगायला लागत नाही.

“चुकलीस?”

“चुकले. जातेय. पण न्यायला येऊ नका... प्लीज, पप्पा.”

“बारापर्यंत पोचलं पाहिजे ना तिथं?”

“पोचते.”

फोन ठेवला. समोरून एक कांद्याचा टेम्पो येत होता. मुलाने हात केला. ड्रायव्हर गोरक्ष सोनईचाच निघाला. नगरच्या बाजारात जागा न मिळाल्याने माल परत घेऊन चालला होता आणि त्याला बोलायला माणूस हवाच होता. पण पुढे त्याची आई बसलेली, म्हणून ही दोघं मागे, गोण्यांवर, ताडपत्रीखाली.

ताडपत्रीवर पाऊस टपटपत होता. टेम्पो खड्ड्यात गेला की दोघांचे खांदे एकमेकांना लागायचे आणि दोघंही गोणी नीट करत असल्याचं दाखवायचे.

“रडताय काय?” त्याने विचारलं.

“कांदा आहे.”

“मलाबी झोंबतोय.” आणि त्याने खरंच डोळे पुसले. “चूक माझी हाय. म्या सांगितलं नसतं तर तुमी बसलाच नसता.”

“नाव काय तुमचं?”

“सम्राट. सम्राट गायकवाड. मिरजगावचा.”

“सम्राट! आणि राज्य कांद्याच्या गोणीवर.”

“राणी बसलीय तवर कुठलंबी राज्य चालंल,” तो म्हणाला, आणि आपण हे मोठ्याने बोललो हे कळल्यावर एकदम बाहेरचे ऊस बघायला लागला.

यशोधराला हसू दाबता आलं नाही. “शिर्डीला काय काम?”

“चुलत्याचं फुलांचं दुकान हाय. हार करायला चाललोय. तुमी?”

“मावशीकडे.”

“मावशी काय करती?”

“...हार.”

“मावशीबी हारच?”

“शिर्डीत आणखी काय करणार?”

तो ताडपत्रीच्या फटीतून बाहेर डोकावला. मग तो म्हणाला, “बारा वाजायला आवकाश हाय का वो अजून?”

“हातात घड्याळ आहे की! शोभेला घातलंय?”

“व्हय. शोभतंय न्हवं?”

शोभत होतं, हे ती बोलली नाही. पण सोनईच्या स्टँडवर उतरल्यावर तिने एक गोष्ट टिपली. कुणी न विचारता तो पाट्या वाचत सुटला होता. “ती नेवासा. ती घोडेगाव. ती बघ, राहुरी! पळ!” ‘तुमी’ कधी गळून पडलं, कुणालाच कळलं नाही. आणि गाडीत बसल्यावर ती हिशोब करत होती, राहुरीला इतक्याला, तिथून शिर्डी इतक्याला, म्हणजे बाराच्या जरा पुढे... तेव्हा तो तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होता, एखादी जादू बघावी तसा.

“हे तू डोक्यातच करतीस?”

“मग काय, पायात?”

शिर्डीला दोघं उतरली तेव्हा बारा होऊन गेले होते. फुलांचा, अगरबत्तीचा, तळणीचा वास. हॉटेलांचे पोरगे “रूम, रूम” करत मागे. निरोप घ्यायची वेळ आली आणि दोघांनाही पायांवरच्या चिखलाचं भारी कौतुक वाटायला लागलं.

“मावशीला नमस्कार सांग,” तो म्हणाला.

“चुलत्यांना माझा.”

तो डावीकडे गेला. ती उजवीकडे, धावतच. तिने एकही पाटी बघितली नाही. माणसांना विचारत गेली. हारवालीला, रिक्षावाल्याला, एका पोलिसाला. गल्लीच्या टोकाला निळं फाटक दिसलं. आणि त्या फाटकाशी, दुसऱ्या बाजूने, धापा टाकत, निळी सॅक सावरत...

“चुलत्याचं दुकान हेच का?” यशोधराने विचारलं.

सम्राटने सॅक पुन्हा खांद्यावर ओढली. “तुझी मावशीबी हितंच हार करती, व्हय?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे हासुद्धा? म्हणजे हीसुद्धा? पण विचारायला सवड नव्हती. दारात ‘अंगण’च्या दीपा मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या.

“बाकीची मुलं कधीच आली. तुम्हाला उशीर का झाला?”

सम्राट पटकन पुढे झाला. “मॅडम, गाडी पंक्चर...”

तो तिला वाचवत होता, हे तिला समजलं. आणि हेही समजलं, की हे पंक्चर आत्ता खपलं तर आयुष्यभर अशीच पंक्चरं काढत बसावं लागेल.

“पंक्चर नव्हतं,” यशोधरा म्हणाली. “आम्ही शेवगावच्या गाडीत बसलो. मला पाटी पटकन वाचता येत नाही. मी श बघितला आणि शिर्डी समजले. फलाटाचा नऊ मला दिसला होता. पण मी माझ्या डोळ्यांपेक्षा याच्यावर विश्वास ठेवला.”

सम्राट तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानेही मान वर केली. “मला वाचाय येतं, मॅडम. फाडफाड. पन आकडं... सहा आन् नऊ माझ्यापुढं कोलांट्या मारत्यात. घड्याळ कळत न्हाई, सुट्टं कळत न्हाई. समद्यांनी सांगितलं, आयटीआयला जा, फिटर हो. पन तिथं समदी मापंच की! पाटीवर शेवगाव लिवलं हुतं. म्या मान वर करून बघितलं असतं तर वाचलं असतं. बघितलंच न्हाई.”

“का नाही बघितलं?”

सम्राट लाजून लाल झाला. “...दुसरीकडं लक्ष हुतं.”

दीपा मॅडमनी तो लाल झालेला चेहरा बघितला, यशोधराचा खाली गेलेला बघितला, आणि ओठ मुडपून दार उघडलं. “आत या. चाचणी अजून संपलेली नाही. पण एक ध्यानात ठेवा. प्रत्येकाचं काम वेगळं बघणार आहे मी. चुकलं तर चालेल. अडल्यावर मदत मागता येते का, ते मला बघायचंय.”

चाचणी म्हणजे खरंखुरं काम. केंद्राचं छोटं अतिथीगृह होतं, आणि तेवढ्यात बचत गटाच्या बायकांचा एक घोळका पिशव्यांसकट आत शिरला. कुठून आल्या? शेवगावहून! यशोधराला वाटलं, हे गाव आज आपली पाठ सोडत नाही.

मॅडमनी तिच्या हातात पाहुण्यांच्या नावांची यादी दिली. “खोल्या तू लाव.”

अक्षरांनी लगेच नाचायला सुरुवात केली. बायका दमलेल्या, एकीने गुडघा धरलेला. बारा वर्षांच्या शाळेत यशोधराने अशा वेळी एकच गोष्ट केली होती: खोकला आल्याचं नाटक. आज तिने वळून, सगळ्यांच्या देखत, स्पष्ट आवाजात म्हटलं, “सम्राट, मला हे वाचून दाखव.”

आणि काय वाचलं पठ्ठ्याने! जणू दरबारात पुकारा चालला होता. “छबूबाई...! कलाबाई...!” नाव पुकारलं की ती बाई हसत पुढे येई आणि यशोधरा तिला निरखून घेई. चेहरा आणि नाव एकदा जुळलं की तिच्या डोक्यातून ते पुसलं जात नसे. गुडघेवाल्या छबूबाई तळमजल्याला, बाथरूमशेजारी. खोकणाऱ्या आजी खिडकीजवळ. गप्पिष्ट दोघी टोकाच्या खोलीत, म्हणजे बाकीच्यांना झोप लागेल. आकडा बघून किल्ली ती काढून देत होती, खोली कुठल्या बाजूला ते सम्राटच्या कानाशी सांगत होती, तो ज्या त्या बाईच्या हातात किल्ली ठेवून “चला आत्या, दाखवतो” करत होता.

छबूबाई वळून म्हणाल्या, “पोरी, मला कलाबाईच्या खोलीत न्हाई घातलंस ते लई बेस केलंस. पन तुला कुनी सांगितलं, आमचं बोलनं बंद हाय ते?”

“कुणी नाही. तुम्ही सगळ्यांच्या पिशव्या मोजल्यात, त्यांची सोडून.”

बायका इतक्या हसल्या, की त्यात कलाबाई आणि छबूबाईही चुकून एकमेकींकडे बघून हसल्या. दीपा मॅडमनी हातातलं पेन खिशाला लावलं. त्यांना आणखी काही बघायचं नव्हतं.

दोघांचीही निवड झाली. सम्राट स्वागतकक्षासाठी, यशोधरा खोल्यांच्या व्यवस्थेसाठी. फाटकाबाहेर येऊन तिने पप्पांना फोन लावला.

“पप्पा, झाली निवड! पण... मी एकटी नव्हते. रस्त्यात एक मुलगा होता. मी त्याची मदत घेतली. इथेही घेतली.”

यशोधराने डोळे मिटून घेतले.

“एकटी म्हणजे पप्पा नकोत, एवढंच म्हणालो होतो मी,” पप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज तिला कधी नव्हे तो ओला वाटला. “जगात इतर माणसं नसावीत, अशी अट नव्हती. ये आता घरी. आणि... नीट विचारून बस.”

पुढचं वर्ष कसं गेलं, हे चादरींच्या घड्यांना विचारावं. यशोधराने पाट्यांशी भांडण सोडलं; मोबाईल वाचून दाखवायचा, रंगीत खुणा वाट दाखवायच्या, आणि जिथे सवड असेल तिथे ती एकेक अक्षर सुटं करून, न लाजता, शेवटपर्यंत वाचायची. सम्राटने सहाला शेपूट कुठे आणि नऊला डोकं कुठे, हे तळहातावर गिरवून घेतलं... तळहात त्याचा, बोट तिचं. एवढ्या सोप्या धड्याला त्याला फारच वेळ लागला, असं दीपा मॅडमचं मत होतं.

कोर्स संपला तेव्हा एका मोठ्या हॉटेलच्या दोन मजल्यांची व्यवस्था यशोधराकडे आली, आणि समोरच्याच हॉटेलच्या काउंटरवर सम्राट उभा राहिला. तिथे पाहुणे दुसऱ्यांदा आले की नावाने हाक ऐकून चकित व्हायचे. पप्पा एकदा मुद्दाम येऊन तिचं काम बघून गेले. जाताना रस्ता ओलांडून समोरच्या काउंटरवर गेले.

“तूच का तो?”

“व्हय सर. चुकीच्या गाडीतला.”

पप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. लेकीला ती खोड कुणाकडून आली, ते तेव्हा कळलं. “हं,” एवढंच म्हणाले, पण जाताना त्याच्याकडचा पेढा खाऊन गेले.

आणि मग एका सुट्टीच्या दिवशी, शिर्डीच्या स्टँडवर, पुन्हा तसाच भुरभुर पाऊस असताना सम्राटने विचारलं, “तुझ्या त्या खात्यात माझं काय चाललंय?”

“नावे बाजू फार वाढलीय. बडबड. भांग पाडायला लागणारा वेळ. आणि पहिल्याच दिवशी मला चुकीच्या गाडीत बसवलंस, ते तर अजून वसूल व्हायचंय.”

“आन् जमा?”

“आधी खरं सांग. त्या दिवशी लक्ष कुठे होतं?”

तो पावसाकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. “तुझ्याकडं. अजूनबी तिकडंच हाय... हटत न्हाई.”

यशोधराने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. “मग तुझं खातं मी बंद करते.”

सम्राटचा चेहरा असा पडला, की तिला त्याची दया आली.

“वेड्या... दोघांचं मिळून एकच उघडू या.”

त्याला समजायला क्षणभर लागला. मग त्याने जी आरोळी ठोकली, तिने स्टँडवरची कबुतरं उडाली. तेवढ्यात फलाटाला एक गाडी लागली. सम्राट पाटी वाचायला तोंड उघडणार, तोच तिने त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. मान वर करून, मागून धक्के बसत असताना, तिने एकेक अक्षर पकडलं. “शे... व... गा... व. शेवगाव! फलाट तू सांग.”

त्याने खांबाकडे पाहिलं. तळहाताकडे पाहिलं. “सहा,” तो म्हणाला, आणि सहाच होता.

“चल. ज्या गावानं आपली गाठ घातली, त्याला तोंड तरी दाखवून येऊ.”

दोघं चढली, यावेळी एकाच बाकावर. मशीन टिकटिकवत कंडक्टर आल्या आणि थबकल्या. कपाळाला आठी, मग डोळे मोठे... चांगुणाबाईच!

“आगं बया! तुमी? परत? ह्या बारीला तरी खरंच पळून चाललाय का?”

“नाही, मावशी,” यशोधरा म्हणाली, आणि सम्राटचा हात तिने सगळ्या गाडीसमोर हातात घेतला. “ह्या बारीला पाटी वाचून चाललोय.”